चिपळूण: वर फ्लॅट, खाली दुकानं असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घ्यावा का?

कापडवाला:
बाजारपेठेत रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं, नंतर चिखलातला माल फावड्याने ओढून काढला. तेव्हापासून दर जुलैत सगळा माल माळ्यावर. वैताग आलाय. हायवेकडे उंचावर नवीन कॉम्प्लेक्स झालंय: तळाला गाळे, पहिल्यावर ऑफिसं, वर ३२ फ्लॅट. बिल्डर म्हणतो, फ्लॅट सगळे विकले गेलेत, गिऱ्हाईक आयतं मिळेल. तळाचा मागचा गाळा घेऊ की पहिल्या मजल्यावरचा?

औषधवाला, रत्नागिरी:
दादा, विकले गेले म्हणजे लोक राहायला आले असं नाही. आपल्याकडे कितीतरी फ्लॅट चाकरमान्यांचे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला की कुलूप. रात्री साडेआठला समोर उभे राहा आणि दिवे मोजा. मी मोजले नव्हते, पहिली दोन वर्षं माश्या मारल्या. माझ्या वरच्या मजल्यावर मुलांचे डॉक्टर आणि लॅब आली तेव्हा कुठे धंदा हलला. आई पोराला दाखवून खाली उतरते, औषध घेते, जाता जाता शेजारून बिस्किटंही. पण लिफ्ट बंद पडली की आजी-आजोबा दुसऱ्या डॉक्टरकडे, आणि चिठ्ठीही तिकडेच. लिफ्ट जनरेटरवर आहे का, ते विचारा. कपड्यांसाठी कोणी जिना चढेल असं मला वाटत नाही.

कुडाळी:
पावसात जावन बघ मरे! उन्हाळ्यात सगळीच कॉम्प्लेक्स छान दिसतात. गाळ्यापुढचा पत्रा किती बाहेर आलाय? वारा आडवा सुटला की पाणी थेट शटरला लागतं, बाहेर टांगलेले ड्रेस भिजतात. बाईला छत्री मिटून कोरड्यात उभं राहता आलं, तरच ती "बघू तरी" म्हणून आत येते.

जमाखर्च:
बंद शटरंही मोजा. मॉलचा मालक एक असतो, कुठे कसलं दुकान येणार ते तो ठरवतो. इथे गाळ्यागणिक मालक वेगळा. कुणी भाव वाढेल म्हणून शटर पाडून बसतो, उरलेल्यांत तीन मोबाइलवाले. मागच्या गाळ्याच्या वाटेवर चार शटरं बंद असली की गिऱ्हाईक तिथूनच वळतं.
पार्किंग करारात लिहून घ्या. यावरून मी भांडलोय. रहिवासी सातला येऊन गाड्या लावतात, नेमकी आपल्या धंद्याची वेळ. लिव्ह अँड लायसन्स नोंदवाच. आणि मालक जीएसटीत नसेल, तुम्ही जीएसटीच्या नेहमीच्या (रेग्युलर) योजनेत असाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचे १८ टक्के तुम्हीच भरायचे (क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्या पुढच्या करातून वजा होतात). कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, पुढे वगळलं.

कापडवाला:
काल जाऊन आलो. ३२ पैकी ९ दिवे, त्यातले दोन जिन्याचे निघाले! पहिल्या मजल्यावर एक दाताचे डॉक्टर, बाकी कुलपं. पण पुढच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गर्दी होती, आसपासच्या वाडीतली माणसं. त्याच्या शेजारचा गाळा रिकामा आहे, पण कार्पेट जेमतेम १२० फूट. ट्रायल रूम बसेल?

कुडाळी:
तीन बाय तीनची बसते. आरसा बाहेर लाव, नाहीतर एकजण आत अडकते आणि बाकीच्या निघून जातात.