लीडरशिप प्रोग्रॅमचा सेवा प्रकल्प: व्हाळावर (ओढ्यावर) पोत्यांचा बंधारा घालावा का?

साखळीकर_पोरगा
गोव्यात आमच्या तालुक्यातल्या एका नेतृत्व प्रशिक्षणाला ऑगस्टपासून जातोय. दर शनिवारी वर्ग, आणि सहा-सहा जणांच्या टीमने गावात एक सेवा प्रकल्प करून फेब्रुवारीत सगळ्यांसमोर मांडायचा. आमच्यात एक बँकेतली, दोन शिक्षक, एक फार्मा कंपनीतला, एक मेडिकल दुकानवाला आणि मी. शाळेची भिंत रंगवायची की व्हाळावर पोत्यांचा बंधारा, यावर तीन विरुद्ध तीन झालंय. मी बंधाऱ्याच्या बाजूने. खर्च कमी आणि दिसतोही. कुणी केलाय का? एका रविवारात होतो? परवानगी कुणाची?

डिचोलीचा_दादा
भिंतीच्या भानगडीत पडू नकोस. आमच्या शाळेवर पोरांनी वाघ काढला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे. दुसऱ्या पावसाळ्यात वाघ शेवाळाने हिरवागार. आता मुलं त्याला बेडूक म्हणतात.

कुळागरातली (फोंडा)
एका रविवारात होतो. आमचा झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी तो फोडायला मीच गेले होते.

मीही अशाच एका प्रोग्रॅममध्ये होते. ऑक्टोबर गेला टीमचं नाव ठरवण्यात, नोव्हेंबर टी-शर्टांत. डिसेंबरात जत्रा, काले, नाताळ. बंधाऱ्याला मुहूर्त लागला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत माती, सकाळी आठ ते दुपारी दीड. संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाणी साचलं. फोटो काय सुंदर आले!

मी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत वाढलेली, मला तरी कळायला हवं होतं. जानेवारीत आमच्या व्हाळाची धार मनगटाएवढी उरते. ती आम्ही अडवली, आणि खालच्या कुळागराचा पाट त्याच धारेवर. मंगळवारी सकाळी तिथले काका आमच्या अंगणात. ओरडले नाहीत. बाबांना एवढंच म्हणाले, "तुज्या चेडवाक विचार, म्हज्या माडयांक उदक खंयच्यान येतलें?" (तुझ्या मुलीला विचार, माझ्या पोफळींना पाणी कुठून येणार?) बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पिकास माझ्या हातात दिली.

आम्ही सर्व्हे केला होता बरं का. गूगल फॉर्मवर, ८४ उत्तरं आली होती. काकांकडे स्मार्टफोन नाही.

जुनी माणसं बांध घालत ती पाऊस ओसरल्यावर, व्हाळ चांगला वाहता असताना. दगड, चिखल, झाडपाला, आणि खालच्यांसाठी एक तोंड उघडं ठेवलेलं. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती आणि कुळागरं त्याच पाण्यावर. पाणी कुणाकडे कुठल्या दिवशी वळवायचं हे कागदावर कुठेच नव्हतं, पण ते चुकलं की भांडण मात्र तीन पिढ्या चाले.

पोत्यांचंही सांगते. उन्हाने ती चिरतात. मधली पोती काढून आम्ही पाण्याला वाट दिली, कडेची तशीच राहिली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती सगळी सांकवाखाली, छोट्या पुलाखाली जाऊन अडकली. काढायला सहापैकी दोघंच आलो. बाकीच्यांना तोवर सर्टिफिकेट मिळालं होतं.

आणि खरी लाज ही, की त्याच व्हाळावर थोडं वर एक जुना सिमेंटचा बंधारा होता, पावसाळ्यानंतर फळ्या घालायच्या खाचांचा. फळ्या कुजल्या म्हणून कुणी घालत नव्हतं. खाचांतला गाळ काढून नव्या फळ्या बसवल्या असत्या तर आमचं काम झालं असतं. पण त्यात आमचं असं काय दिसलं असतं? तुमच्याकडे तसा एखादा आहे का, आधी वरपर्यंत चालत जाऊन बघ. मिळाला तर मे महिन्यात फळ्या काढणार कोण, हेही आत्ताच ठरव. राहिल्या तर पुरात बंधाऱ्यासकट जातील.

निवृत्त_पंचायत_सचिव
परवानगीबद्दल. सर्वप्रथम जमीन कुणाची ते पाहावे: सरकारी, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीची) की भाटकाराची (जमीनदाराची). एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा, अर्धे वाद तिथेच मिटतात. जुना बंधारा असल्यास जलस्रोत खात्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय हात लावू नये. ग्रामसभेच्या नेहमीच्या बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात रविवारी होतात. ऑक्टोबरची गाठा, जानेवारीपर्यंत थांबलात तर या बाईंसारखे होईल. तत्पूर्वी पंचांना घरी जाऊन भेटा. सभेत प्रथमच ऐकलेल्या विषयाला पंच सहसा "पुढच्या वेळी पाहू" म्हणतो. मीच तसे इतिवृत्त कित्येकदा लिहिले आहे.

डिचोलीचा_दादा
आणि बंधारा जमला नाही तर नरकचतुर्दशीच्या सकाळी झाडू घेऊन बाहेर पडा. जळक्या नरकासुरांचे लोखंडी सांगाडे रस्त्यावर पडलेले असतात. त्याला एक-चौदा लागत नाही.

साखळीकर_पोरगा
ताई, काल आम्ही तिघं व्हाळाच्या काठाने वर गेलो. अर्ध्या तासावर मिळाला! खाचा शाबूत, आत गाळ आणि एक चप्पल. फळ्यांचा पत्ता शेजारच्या घरातल्या आजींनी सांगितला: त्यांच्याच गोठ्यात, वर जळाऊ लाकडं रचलेली. मोजल्या तर अकरा, त्यांतल्या पाच धड. यजमान होते तोवर दरवर्षी तेच घालायचे म्हणाल्या. दसरा झाला की लाकडं हलवून देते, पण उचलायला माणसं आणा, मला हाक मारून पळू नका.

उतारा सोमवारी काढतो. भिंतवाल्यांपैकी एक शिक्षक आमच्याकडे आला, म्हणजे आता चार विरुद्ध दोन. बँकवाली अजून टी-शर्टांवर अडून बसलीय.