मूल झाल्यावर दोघंच बाहेर पडलात ती पहिली रात्र – अनुभव सांगा

बहार
काल भावाने काटोलच्या आमच्या संत्र्याच्या मळ्यातला फोटो पाठवला. आंबिया बहार फुटलाय, झाडं पांढरीशुभ्र. मी मनाने थेट स्पेनमधल्या सेव्हियात पोचले.

2017 चा मार्च. तेव्हा आम्ही ॲमस्टरडॅमला होतो, लेक चौदा महिन्यांची. ती झाल्यापासून आम्ही दोघं एका वेळी जेवलोही नव्हतो, एकाने घास घ्यायचा, दुसऱ्याने तिला. आई तीन महिन्यांसाठी आली होती, तिला घेऊन स्पेनला गेलो. दुसऱ्या रात्री आई म्हणाली, "पोरगी झोपली. निघा आता, बारापर्यंत तोंड दाखवू नका."

साडेनऊ वाजले होते. आता काय मिळणार, असं वाटलं, तर तिथे लोक नुकते जेवायला निघत होते. वळणावरच वास आला. रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्याची झाडं, फुलांनी लदलेली. फळ कडू असतं, पण फूल तेच! बाबांच्या मळ्यातला वास. मी नवऱ्याचा हात धरला आणि जाणवलं, चौदा महिन्यांत हात मोकळाच नव्हता.

एल रिंकोन्सियो नावाच्या बारमध्ये गेलो, 1670 पासूनचं आहे म्हणतात. उभ्यानेच पालक-चणे खाल्ले, जिऱ्याच्या स्वादाचे. नवरा म्हणाला, ही तर आपली पातळभाजी. हिशेब खडूने लाकडी फळीवरच मांडतात, पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसतात. तिथून पुलावरून पलीकडच्या त्रियाना भागात. नदीकाठी नुसते बसलो, काही बोललोसुद्धा नाही फारसं. साडेबाराला परत, तर आई जागी आणि लेक तिच्या पोटावर झोपलेली.

तुमची अशी रात्र कोणती?

शमिका७
आमची स्पेनमधल्याच ग्रानादाची. एक बियर सांगितली की सोबत खायची बशी फुकट, हे ठाऊकच नव्हतं. मी तीनदा म्हटलं, आम्ही मागवलं नाही! मग चार ठिकाणी तेवढ्यावरच जेवण झालं 😄 नंतर सान निकोलासच्या कट्ट्यावरून समोर दिव्यांत अलाम्ब्राचा राजवाडा. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल तिथेच आला, दोघं मुलं ठणठणीत जागी.

गोदाकाठ
शाकाहारींनो, सालमोरेखो मागवाल तर "सिन हामोन" (हॅम नको) सांगा. टोमॅटोचं गार सूप, पण वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं असतं.

शमिका७
@गोदाकाठ अगदी! आमच्या बशीतही तेच आलं, नवऱ्याने माझंही संपवलं.

पाऊलवाट
आम्हाला सांभाळायला कोणी नव्हतं, त्यामुळे दोघंच अशी रात्र नाहीच. पण मालागात लेकाला बाबागाडीत झोपवलं आणि चौकात टेबल घेतलं. रात्रीचे अकरा, आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळतायत, आज्या बाकांवर गप्पा मारतायत. आमचा मध्येच उठून रडला तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उचलून घेतला, म्हणाल्या जेवा तुम्ही. खुणांनीच. पंधरा मिनिटं दोघांनी गरम गरम खाल्लं. तीच आमची रात्र.

बहार
@पाऊलवाट डोळ्यांत पाणी आलं गं.

तगर
"तोंड दाखवू नका" हे अगदी माझी आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या बाळाला तिने पाहिलंच नाही. बाकी नंतर लिहीन.

बहार
@तगर सावकाश लिही. न लिहिलंस तरी चालेल.

वरुडकर
ताई, ताण कधी तोडला, म्हणजे बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा कधी दिलं? आमच्याकडे फूल कमी आहे यंदा.

बहार
@वरुडकर भावाला विचारून सांगते. विहिरीला पाणी बरं आहे म्हणाला. गारपीट नको फक्त.

वरुडकर
हो ना. मागे एकदा फूल धरलं आणि एका दुपारीत सगळं खाली. बाकी आम्ही दोघं लग्नानंतर फक्त पंढरपूरला गेलोय, ते पण आईवडिलांसोबत. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, कडू संत्र्याची झाडं रस्त्यावर लावतात? काय करतात त्या फळांचं?

गोदाकाठ
अशी कडू संत्री इंग्लंडात मार्मलेडला (संत्र्याच्या मुरंब्याला) वापरतात, तिथे जानेवारीत दुकानात मिळतात. लिंबाच्या लोणच्यासारखं घालून बघा, मी घातलंय, छान मुरतं.

शमिका७
प्रमाण सांगा ना. किलोला मीठ किती?