हिरवा शेड दुसऱ्या कंपनीत मॅच होतो का?

डोंबिवलीकर: हॉलचा पोपटी-शेवाळी रंग एशियन पेंट्सचा आहे, सोफा सरकवताना पोपडा निघाला, कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त बर्जर कंपनीचं रंग मिसळायचं मशीन, दुकानदार म्हणतो शेडचा कोड द्या बनवून देतो. चालेल का?

ब्रशवाला: कोडवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा बेस (मूळ रंग) नि स्टेनर (त्यात मिसळायचा रंग) वेगळा. तोच निघालेला पोपडा न्या, रंग स्कॅन करून जुळवणाऱ्या दुकानात द्या. आणि फिनिश तोच घ्या, बिनचमकीच्या मॅटवर हलक्या चमकीचा सॅटिन मारलात तर उन्हात ठिगळ दिसणारच.

चाळकरी: आमच्याकडे दिवसा जुळला, रात्री एलईडी लावला नि पॅच निळसर! बायको अजून टोमणे मारते.

ब्रशवाला: म्हणून आधी छोटा डबा, पुठ्ठ्यावर दोन हात, वाळल्यावर दोन्ही उजेडात बघा. तरी जुन्या भिंतीचा रंग उडालेला असतो हो, सरळ कोपरा ते कोपरा अख्खी भिंत मारा.