शब्दचर्चा: पतंग की पाकोळी?

रत्नागिरी
पावसाळ्यात रात्री परसात पांढरी चादर टांगून, समोर दिवा लावून मी उजेडाकडे येणाऱ्या मॉथचे, म्हणजे फुलपाखरासारख्या किड्यांचे, फोटो काढते. फोटोखाली 'पतंग' लिहिलं की संक्रांतीचा पतंग डोळ्यांसमोर येतो. 'पाकोळी' लिहावं तर तो पक्षीही आहे, शिवाय काही जण फुलपाखरालाच पाकोळी म्हणतात. 'रात्रीचं फुलपाखरू' चालेल का?

यवतमाळ
ताई, 'पतंग'च लिहा. कापूस पिकवणाऱ्यांना यात काही संदिग्ध वाटत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नरांना ओढणारे) लावतो आणि त्यात अडकलेले नर पतंग मोजतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघावं लागतं. 2017 च्या बोंडअळीनंतर हा शब्द घरोघरी झाला. तुमच्या चादर-दिव्यालाही शेतीत शब्द आहे, प्रकाश सापळा.

सातारा
'पतंग'ला माझंही मत. पण चादरीला सापळा म्हणू नये असं मनापासून वाटतं. सापळ्यात कीड मरते. चादरीवर बसलेला पतंग फोटो झाला, दिवा मालवला की उडून जातो. 'प्रकाशपडदा' म्हणा. आणि 'रात्रीचं फुलपाखरू' नकोच, दिवसा उडणारे पतंगही पुष्कळ आहेत. ओळख मिशांवरून करावी: फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाची बहुधा धाग्यासारखी नाहीतर पिसासारखी. म्हणून फोटोत मिशा स्पष्ट आल्या पाहिजेत.

गडचिरोली
आमच्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. त्यांच्या कोषाला कोसा म्हणतात, कापडालाही कोसाच. पतंग कोसा भेदून बाहेर आला की अखंड धागा निघत नाही, म्हणून बियाण्याचे, म्हणजे पुढच्या पिढीसाठीचे, कोसे वेगळे ठेवतात. इथेही शब्द पतंगच.

अहिल्यानगर
'कसर' राहिली. मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात 'कसर व जंग' असा जोड येतो, तिथली कसर म्हणजे कपडे खाणारा पतंग. खरं तर लोकर खाते ती त्याची अळी. पण पुस्तकातल्या चंदेरी किड्यालाही कसर म्हणतात, त्यामुळे फोटोखाली हा शब्द वापरू नये.

रत्नागिरी
सर्वांचे आभार. 'पतंग' आणि 'प्रकाशपडदा' नक्की. आता अळीचं सांगा. तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी आहे, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके, शेपटाशी छोटं शिंग. सुरवंट म्हणू का?

सातारा
नको. सुरवंट म्हणजे केसाळ, अंगाला लागला की खाज आणणारा. ही गुळगुळीत आहे, अळीच म्हणा. वर्णनावरून कण्हेर-तगरीवर वाढणाऱ्या हिरव्या हॉक मॉथची वाटते. कोषात जायची वेळ आली की ती तपकिरी होऊन झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात शिरते. तेवढे दिवस तगरीखाली झाडू नका.