पहिला खर्डा झाल्यावर निबंधात नेमके काय बदलायचे?

प्रश्न (निबंधार्थी): ‘शाळेत मोबाइलवर बंदी असावी का’ या विषयावरचा माझा निबंध शिक्षकांनी ‘पुनर्लेखन करा’ एवढाच शेरा देऊन परत केला. शुद्धलेखन तपासले, काही शब्दही बदलले. तरी निबंध होता तसाच वाटतो. आणखी काय करणे अपेक्षित असते?

समास: आपण केले ते मुद्रितशोधन, त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. लेखनप्रक्रियेच्या अमेरिकी अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच आढळले होते, की विद्यार्थी प्रामुख्याने शब्दांची अदलाबदल करतात, तर अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाला आकार देण्याच्या मागे असतात. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो, ते त्याच्या बाजूला एका वाक्यात लिहून पाहा. वाक्य सुचलेच नाही, तर त्या परिच्छेदात मुद्दा नाही; दोन परिच्छेदांना एकच वाक्य लागू पडले, तर त्यांतला एक जाईल.

खोडरबर: त्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. मत लिहिता लिहिताच पक्के होत जाते, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात खरे प्रतिपादन पुष्कळदा अखेरीस सापडते. आरंभी ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ असे असेल (आणि ते असतेच!), तर त्या युगाला निरोप देऊन शेवटचे मत वर आणा.

निबंधार्थी: शेवटी खरोखरच ‘सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही’ असे लिहिले आहे, पण आधीचे तीन परिच्छेद बंदीच्याच बाजूचे आहेत. ते काढून टाकावेत का?

खोडरबर: मुळीच नाही. तो आता प्रतिपक्ष झाला आहे, आणि त्याला उत्तर देण्यातच निबंधाचे बळ आहे. तिन्हींचा एक परिच्छेद करा. ‘मोबाइलमुळे लक्ष विचलित होते’ हे वाक्य ‘मोबाइलमुळे लक्ष विचलित होते हे खरे, परंतु शाळेत बंदी घातली, तरी घरी अभ्यास करताना तो हाताशी असतोच’ असे पुढे नेले, की तेच विधान आपल्या मताकडे वळते. मात्र घरच्या वापराला आवर कसा घालायचा, हे पुढच्या परिच्छेदात सांगावे लागेल; सध्याच्या खर्ड्यात ते नसेल, तर तो भाग नव्यानेच लिहावा लागेल.

समास: सहमत आहे. फक्त हा भाग जुन्या मजकुरात ठिगळासारखा जोडू नये. कोऱ्या पानावर लिहावा, म्हणजे जुन्या वाक्यांचा मोह आड येत नाही. शुद्धलेखन त्यानंतर.