अनुभव: बेळगाव सीमाभागातल्या 'झपाटलेल्या' जागा आणि ऑक्टोबरची अखेर

ऑक्टोबर संपत आला की गेली काही वर्षं बेळगावात एक नवी हवा असते. कॅफेंमध्ये भोपळे आणि कोळ्याची जाळी टांगतात, कॉलेजची मुलं तोंडं रंगवतात, आणि रात्री उशिरा दुचाकी 'हॉन्टेड' जागा शोधायला गावाबाहेर पडतात. हॅलोवीन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली रात्र 31 ऑक्टोबरची. सुगी संपून काळोखाचे दिवस लागताना मेलेली माणसं घराकडे फिरकतात, ही तिथली जुनी समजूत. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. सकाळी कारीट फोडून अभ्यंगस्नान केलेली पोरं रात्री भूत बघायला निघाली.

मला या जाण्याबद्दल तक्रार नाही. मीही गेलोय. पण फिरून आल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आपल्या भागात ज्या जागेला लोक भुताची म्हणतात, तिथे बहुतेक वेळा खरंच कुणीतरी अवेळी मेलेलं असतं. फाशी, साथ, गोळीबार, घाटातला अपघात. हडळीची गोष्ट पोरांना पाठ असते आणि त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. म्हणून तुम्हाला बोलावतोय. गेला असाल तर काय दिसलं, काय ऐकलं, कोण भेटलं ते लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. कुणाच्या बंद घराचा पत्ता आणि गावातल्या मृतांची नावं मात्र देऊ नका, त्यांची माणसं अजून इथेच राहतात.

खानापूर तालुका, शिक्षिका

नंदगडपासून सुरुवात करते. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी आम्ही दोघी मैत्रिणी रायण्णाच्या समाधीवर गेलो होतो. तिथे शहरातली चार-पाच मुलं कॅमेरा लावून बसलेली. वडाच्या फांद्यांना लाकडी पाळणे बांधलेले असतात. वारा आला की ते हलतात, एकमेकांवर आपटतात. मुलांना कुणीतरी सांगितलं होतं की इथे रात्री पाळणे आपोआप हलतात.

समाधीपाशी एक म्हातारी नारळ फोडून बसली होती. तिने विचारलं, "काय बघूलालासा रे पोरानू?" एकाने भीत भीत सांगितलं. ती रागावली नाही. तिने त्यांना जवळ बसवून घेतलं आणि सांगायला लागली. संगोळ्ळी रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार. राणी कैदेत गेल्यावरही त्याने माणसं जमवून इंग्रजांची ठाणी जाळली, शेवटी फितुरीने पकडला गेला. 26 जानेवारी 1831 ला त्याला नंदगडच्या माळावर वडाच्या झाडाला फाशी दिलं. समाधीवरचा हा वड त्याच्या साथीदाराने लावला, असं मानतात. ज्यांना मूल होत नाही ती जोडपी इथे पाळणा बांधून जातात. "ह्यो पाळणा माज्या लेकीनं बांदलेला," ती म्हणाली, "नातू आता शाळंला जातोय."

मुलांनी कॅमेरा बंद केला होता. अंधार पडेपर्यंत ती तिच्यापाशीच बसून राहिली. 26 जानेवारीला आम्ही शाळेत झेंडा फडकवतो, तीच रायण्णाच्या फाशीची तारीख. मी आता वर्गात हे दरवर्षी सांगते.

बेळगाव, भाजीची गाडी चालवतो

चोर्ला घाटाबद्दल लिहितो. आमची गाडी रात्री भाजी भरून निघते, पहाटे गोव्यात पोचायला लागते. पांढऱ्या साडीतली बाई हात करते, गाडी थांबवली की मागे बसते, ही गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळते. जुनी माणसं घाट सुरू व्हायच्या आधी लिंबू चाकाखाली घालायची. मीही घालतो. कुणी काही म्हणो, लिंबू घातलं की मन थाऱ्यावर येतं आणि हात स्टिअरिंगवर घट्ट बसतो.

मला दिसलेलं सांगतो. पावसाळा सरला की घाटात पहाटे धुकं उतरतं. हेडलाइट टाकला तर पांढरी भिंत. त्यात गवा रस्त्यावर उभा असला तर आधी नुसते दोन डोळे चमकतात, अंग नंतर दिसतं. झोप अनावर झाली की कडेचा पांढरा दगडसुद्धा माणूस होतो. एकदा मी अशा दगडासाठी ब्रेक मारला, मागचा ट्रक हातभरावर येऊन थांबला.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. हॅलोवीनच्या रात्री कणकुंबीच्या पुढे वळणावर खरोखर पांढरी साडी गुंडाळलेलं कुणीतरी उभं होतं. एक पोरगं. दुसरा झाडीत मोबाइल घेऊन. उताराला भरलेली गाडी होती माझी. देवानेच सांभाळलं. खाली उतरून विचारलं तर म्हणतो, "मामा, रील करूलालाव." मी हात उचलला नाही. गाडी कडेला लावली, त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, बाबा, ह्या वळणावर जी माणसं गेली त्यातली दोन माझ्या ओळखीची होती. त्यांच्या बायका आजही मंडईत भाजी विकतात. तू त्यांचं सोंग घेऊ नकोस.

पोरांनो, घाटात हे करू नका. हात जोडून सांगतो.

जांबोटी भाग

वरच्या मामांना नमस्कार. आमच्याकडे लोक भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांबद्दल विचारत येतात. गावात सांगायचे, आत कुजबुज ऐकू येते, आत गेलेला माणूस घुसमटून बाहेर येतो. दोन्ही खरं आहे. आत वटवाघळं राहतात आणि त्यांच्या विष्ठेचा अमोनियाचा दर्प एवढा असतो की डोळ्यांतून पाणी येतं.

ही वटवाघळं साधी नाहीत. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, कान मोठे, पुढे झुकलेले. 1913 मध्ये ही जात शास्त्राच्या नोंदीत आली ती इथल्याच नमुन्यांवरून. पुढे कितीतरी वर्षं जगात हे एवढंच ठिकाण माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडली. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं त्यात या वटवाघळांचा मोठा वाटा होता.

गुहेत टॉर्च मारून, ओरडून 'रिस्पॉन्स' मागणारे लोक त्यांना हुसकावून लावतात. पिल्लं खाली पडतात. आजोबा म्हणायचे, गुहेतल्या राखणदाराला उजेड चालत नाही. मी हे पुढच्या पिढीला असंच्या असं सांगतो, कारण त्या भीतीनेच ती गुहा आजवर राखली गेली. रात्री अभयारण्यात शिरायला तशीही बंदी आहे.

बेळगाव, किल्ल्याजवळ माहेर

किल्ल्याच्या खंदकाबद्दल लहानपणी खूप ऐकलं होतं. तिन्हीसांजेला काठावर जायचं नाही, गिऱ्हा ओढतो. मी एवढंच लिहीन की खंदक खोल होता, कठडा नव्हता आणि आयांना पोरं सांभाळायची होती. भीती वाटायची तेव्हा आजी मला किल्ल्यातल्या जैन मंदिरात, कमल बसदीत, नेऊन बसवायची. 1204 मधलं बांधकाम, छताला दगडी कमळ लोंबतं, आत भर उन्हाळ्यातही गारवा. आम्ही जैन नाही, पण त्या खांबांना टेकून बसलं की माझी भीती जायची. अजूनही जाते.

येळ्ळूर, शेतकरी

चकवा लागलेला कोण आहे का इथं? मला लागलाय.

दिवाळीच्या आसपास आमचा बासमती कापणीला येतो. डुक्कर नासधूस करतात म्हणून रात्री राखणीला जायला लागतं. अवस होती, आभाळ भरलेलं. राजहंसगडाचा डोंगर आमची खूण, तो दिसला की दिशा कळते. त्या रात्री डोंगरच दिसेना. शेतातून घराकडं निघालो, बांधाबांधानं चालत राहिलो आणि परत आमच्याच विहिरीवर. पुन्हा निघालो, पुन्हा तीच विहीर. अंगाला दरदरून घाम. विहिरीकाठी जुनी चिंच आहे, तिच्यावर झोटिंग असतो असं आज्यापास्नं ऐकलेलं. वर कायतरी फिस्स करून ओरडलं तर मी रामरक्षा म्हणायला लागलो.

मग आज्याचं सांगणं आठवलं. चकवा लागला की चालायचं न्हाई. जिथं हाय तिथं बसायचं, सदरा उलटा करून घालायचा आणि तांबडं फुटायची वाट बघायची. तसंच केलं. पहाटे बघतो तर चिंचेच्या ढोलीत गव्हाणी घुबडाचं जोडपं, पांढरी तोंडं, पिल्लांना उंदीर भरवूलालेली. माझा धान खाणारा उंदीर!

मुलगी शास्त्र शिकते. तिनं सांगितलं, 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात सरळ चालायला लावलं होतं. सूर्य दिसत होता तोवर सरळ चालले, आभाळ भरलं की गोल फिरले, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं आपण सरळच चाललोय. म्हणजे आज्याचा इलाज बरोबर. बसून राहिला तो वाचला, चालत राहिला तो विहिरीत. सदऱ्याचं कारण पोरगीला विचारलं, ती म्हणाली, तेवढ्या वेळात माणूस शांत होतो. मला पटलं. घुबडांची चिंच तोडायची नाही असं आम्ही भावाभावांनी ठरवलंय.

बेळगाव कॅम्प, निवृत्त परिचारिका

तुमचा हॅलोवीन 31 तारखेला होतो आणि आमचा सर्व मृतांचा दिवस 2 नोव्हेंबरला असतो. त्याआधी आम्ही कबरी धुतो, गवत काढतो, चुना लावतो. संध्याकाळी मेणबत्त्या आणि शेवंती. फादर येऊन पाणी शिंपडतात. माझी आई तिथे आहे, माझा धाकटा भाऊही.

गेल्या वर्षी 1 तारखेला सकाळी बादली घेऊन गेले तर आईच्या कबरीवर वितळलेल्या काळ्या मेणाचे डाग, बाजूला थंड पेयाच्या बाटल्या. रात्री कुणीतरी भिंतीवरून चढून आत्मा बोलवायचा खेळ खेळून गेलं होतं. मी ते मेण नखांनी काढलं. पुढचं लिहायला अजून जड जातं.

जुन्या भागात इंग्रजांच्या कबरी आहेत. 1818 मध्ये किल्ला त्यांच्या हाती गेला आणि इथे छावणी वसली. शिपाई तापाने, पटकीने जायचे, त्यांची लेकरंही. दगडावर वय वाचलं तर महिने लिहिलेले असतात. परिचारिका म्हणून मी अशी लेकरं हातात घेतली आहेत, म्हणून त्या दगडांवरही एक एक मेणबत्ती लावते. त्यांच्याकडे इथे कोण येणार?

ज्यांना खरंच स्मशान बघायचंय त्यांनी 2 तारखेला संध्याकाळी उघड दरवाजातून या. मेणबत्ती मी देईन.

निपाणी

मावशी, वाचून गलबलून आलं.

आमच्याकडे तवंदी घाटाच्या गोष्टी आहेतच, त्या सगळ्यांना माहीत आहेत. मी एक वेगळी सांगतो. हायवेलगतच्या एका माळावरून पोरं रात्री जात नाहीत, तिथे माणसांचा गलका ऐकू येतो म्हणतात. मी वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 1981 मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी इथे पुणे-बंगळूर रस्त्यावर आठवड्यांमागून आठवडे बसले होते, शरद जोशींच्या आंदोलनात. 6 एप्रिलला गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. वडील तेव्हा विशीत होते आणि तिथेच होते.

हे मला तिसाव्या वर्षी कळलं, तेही भुताबद्दल विचारल्यामुळे.

बेळगाव, कॉलेज विद्यार्थिनी

मी आणि आई सदाशिवनगर स्मशानभूमीत रात्र काढून आलो आहोत. हॅलोवीनला नाही, 6 डिसेंबरला. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी सतीश जारकीहोळी यांनी 2014 मध्ये कर्नाटकात मंत्री असताना या स्मशानात लोकांसोबत मुक्काम केला, तेव्हापासून तिथे अंधश्रद्धेविरोधात कार्यक्रम होत आला आहे. भाषणं, गाणी आणि तिथेच पंगत.

आई यायला तयार नव्हती. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आजोबा गेले तेव्हा ती उंबऱ्यापर्यंतच गेली होती. ती माझ्यासोबत आली ती मला एकटीला सोडायचं नाही म्हणून. आत शिरताना तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. पहिला घास तिच्या घशाखाली उतरेना. मग शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुमचं कोण हितं आणलेलं?" आई म्हणाली, "वडील." ती बाई म्हणाली, "माझा नवरा. त्या तिकडल्या चौथऱ्यावर." दोघी मध्यरात्रीपर्यंत त्यांच्याबद्दलच बोलत होत्या. आई आजोबांबद्दल एवढं बोललेली मी आधी कधीच ऐकली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात आत्या वारली. आई पुरुषांबरोबर चालत स्मशानात आली आणि सरण पेटेपर्यंत उभी राहिली. दोन काका नाराज झाले, अजून धड बोलत नाहीत. आईला त्याचं काही वाटत नाही.

या डिसेंबरलाही आम्ही जाणार आहोत. बायकांपैकी कुणाला यायचं असेल आणि सोबत नसेल तर इथे लिहा, आपण एकत्र जाऊ. स्वेटर आणि बसायला चटई आणा, बेळगावात डिसेंबरच्या रात्री गारठा चांगलाच असतो.