स्पीड कॅमेरा लावा, पण आधी वेगमर्यादेचा फलक नीट लावा

मांजराकाठ (लातूर):
महिन्यातून चार-पाच चकरा लातूर–नांदेड होतात. गाडी मीच चालवतो. मागच्या महिन्यात दोन हजारांचं चलान आलं. वेग ७८, मर्यादा ४०. फोटोतली गाडी माझीच, वेगही खराच असणार. पण रस्ता चौपदरी, मधे दुभाजक, दुपारची वेळ. हे ४० आलं कुठून म्हणून पुढच्या खेपेला गाडी बाजूला घेऊन चालत मागं गेलो. फलक सापडला. पुलाचं काम चालू असताना ठेकेदारानं रोवलेला पत्रा, अर्धा बाभळीच्या फांद्यांत, एक पाय वाकलेला. पुलावरून गाड्या धावायला लागून अख्खा पावसाळा गेला. डायव्हर्जन काढलं, पिंपं उचलली, फलक तेवढा राहिला, आणि त्याच्या जोरावर चलानं निघायलेत.

केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला १०० ची कमाल मर्यादा आहे. राज्य ती कमी करू शकतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ तसा अधिकार देतं. पण तेच कलम फलकही लावायला सांगतं. २०२१ साली आलेला नियम १६७-अ तर कॅमेऱ्याच्या अलीकडं इशाऱ्याचा फलक आणि यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र मागतो. मर्यादा कुणी ठरवली, कशासाठी ठरवली, हे रस्त्यावर दिसू द्या आणि मग खुशाल दंड घ्या. मोकळ्या पट्ट्यात झाडाआड गाडी लावून स्पीडगन धरायची आणि जिथं माणसं मरतात त्या फाट्यावर कुणीच नाही, हे मला पटत नाही.

खडूफळा (अहमदपूर तालुका):
तुमचा फलक जुना होता, ते मान्य. लपून पकडलं म्हणून तक्रार मात्र मला समजत नाही. आमची शाळा याच रस्त्याला लागून आहे. गाव एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. भुयारी मार्ग दीड किलोमीटरवर, म्हणून लोकांनी दुभाजक फोडून कट केलाय. दोन वर्षांपूर्वी आमची सातवीतली मुलगी सायकल हातात धरून त्या कटमध्ये उभी होती. एक जीप थांबली, म्हणून ती निघाली. जीपच्या पलीकडच्या लेनमधून कार आली. पोरीचं दप्तर दुभाजकातल्या कण्हेरीत अडकलेलं मी स्वतः काढलं.

त्या कारवाल्यालाही रस्ता मोकळाच दिसत होता. ७८ नं गाडी चालवताना रस्त्यावरचा माणूस दिसतच नाही, म्हणून रस्ता मोकळा वाटतो. कॅमेरा दिसणारा असो की झाडाआडचा, आमच्या शाळेपुढं उद्या लावला तर मी नारळ फोडायला येईन.

लालपरीचा सारथी (बीड):
ताई, वाचून गलबलून आलं. एकतीस वर्षं एसटी चालवली. आता निवृत्त आहे. तरी मी धागाकर्त्याच्या, म्हणजे मांजराकाठ यांच्या बाजूनं बोलणार.

बीड, धाराशिव, लातूर भागात नोव्हेंबर ते मार्च उसाची वाहतूक. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पंधराच्या वेगानं चालतो. मांजरसुंब्याकडं येताना पहाटे चार वाजता समोरच्या ट्रकची हेडलाइट डोळ्यांवर आली, ती गेली आणि मला आधी उसाची वाढी, म्हणजे शेंडे दिसले, मग ट्रॉली. वेग पन्नासच्या आत होता, म्हणून आज लिहितोय. त्या ट्रॅक्टरला कोणता कॅमेरा पकडणार? त्याचा वेग कायद्यात बसतो. यंत्र फक्त वेग मोजतं, म्हणून सगळी कारवाई वेगावरच येऊन थांबते. रिफ्लेक्टर नाही, उलट्या बाजूनं येणं, बिघडलेला ट्रक रस्त्यातच सोडून ड्रायव्हर जेवायला जाणं, यासाठी माणूस रस्त्यावर उभा लागतो.

ब्रेकपॅड (छत्रपती संभाजीनगर):
काका, तुम्ही वाचलात ते पन्नासच्या आत होता म्हणून. तुमचं उदाहरण कमी वेगाच्याच बाजूचं आहे.

सरळ हिशोब मांडतो. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरा : थांबायला साधारण ५७ मीटर. १०० ला तेच ८३ च्या आसपास. वेग पावपट वाढला, अंतर जवळपास दीडपट. ८० वाला जिथं थांबलेला असतो, तिथं १०० वाला अजून सत्तरच्या वेगात असतो. रात्री डिपरवर, म्हणजे हेडलाइट खाली केल्यावर, चाळीस-पन्नास मीटरच्या पुढचं नीट दिसत नाही. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली दिसेपर्यंत निकाल लागलेला असतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायलाच हवेत, पण ते लागेपर्यंत वेग आपल्याच पायात आहे.

एका ठिकाणचा कॅमेरा मात्र मलाही अपुरा वाटतो. समृद्धी महामार्गावर जालन्याहून येताना रोज बघतो. कॅमेऱ्याची कमान आली की सगळे १२० च्या खाली, कमान गेली की पुन्हा १४०. दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढला तर ही चलाखी चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनी बस कंटेनरला धडकून १२ जण गेले. तिथं ट्रक रस्त्यावर उभा का होता, ही चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण धडकेचा जोर वेगानंच ठरतो.

आईचा जोगवा (धाराशिव):
एक मुद्दा कुणी मांडला नाही. मर्यादा बारमाही एकच कशाला? कोजागरीच्या आधी सोलापूर–तुळजापूर रस्ता रात्रभर पायी भाविकांनी भरलेला असतो. बायका लेकरं कडेवर घेऊन चालतात. त्या दिवसांत ४० सुद्धा जास्त. उलट एरवी दुपारी दोनला तिथं ४० ठेवलं तर कुणी पाळणार नाही. न पाळायची सवय लागली की कोजागरीलाही पाळत नाहीत. ऊसहंगामाचंही तसंच. हंगामी फलक लावा, कॅमेऱ्यात मर्यादा बदलून घ्या.

मांजराकाठ (लातूर):
ब्रेकपॅड, तुमचा ५७–८३ चा हिशोब दोनदा वाचला. रस्ता मोकळा दिसला तर मी तिथं नव्वदनंही गेलो असतो, हे खरं आहे. मोकळ्या रस्त्याबद्दल लिहिलं ते मागं घेतो.

चलानाबद्दल मात्र मागं हटत नाही. चुकीच्या जागचा ४० चा फलक बघून बघून ड्रायव्हरची नजर मरते. मग ताईंच्या शाळेपुढचा खरा ४० सुद्धा तो वाचत नाही. माझी हरकत मी त्याच कारणानं लेखी दिलीय, फोटोसकट. ताई, तुमच्या शाळेपुढं फलक आहे का? अर्जात तीही जागा टाकतो. फलक, कॅमेरा, कट बंद करून पादचारी पूल, तिन्ही मागू. सोमवारी नांदेडला निघालोय, वाटेत थांबून फोटो काढतो.

खडूफळा (अहमदपूर तालुका):
फलक होता. मागच्या वर्षी साइडपट्टी खोदताना काढला, पुन्हा लावला नाही. शाळा पाचला सुटते. पावणेपाचला या, म्हणजे कटवर किती लेकरं उभी राहतात ते फोटोत येईल.